बारा घरांचा तक्ता : इंग्रजीतील साधे व चालू रूप आणि मराठी व्याकरणदृष्टी

१

इंग्रजी वाक्यात क्रियापदाचे साधे रूप कोठे योजावे आणि चालू रूप कोठे, हा प्रश्न आपल्याकडे शालेय व्याकरणाच्या तासापुरता मानला जातो. 'आय नो' असे लिहावयाचे तेथे विद्यार्थी 'आय ॲम नोइंग' असे लिहितो, 'शी हॅज' ऐवजी 'शी इज हॅविंग' लिहितो, परीक्षक लाल रेघ ओढतो आणि विषय संपतो. या चुकीचे स्पष्टीकरणही ठरून गेलेले आहे : विद्यार्थी मराठीत विचार करतो आणि मराठीचा साचा इंग्रजीवर लादतो. हे स्पष्टीकरण इतके अंगवळणी पडले आहे की ते मराठी भाषेच्या पुराव्यावर तपासून पाहावे, असे फारसे कोणाला वाटलेले नाही. ते तपासले तर एक वेगळाच इतिहास समोर येतो. तो मराठी माणसाच्या इंग्रजीचा जितका आहे तितकाच मराठी व्याकरणाचाही आहे. इंग्रजी शिकवण्यासाठी जो काळांचा तक्ता आपण स्वीकारला, त्याच तक्त्यात पुढे आपण मराठी क्रियापदही बसवले. या दोन घटना एकत्र वाचल्या पाहिजेत, असे प्रस्तुत निबंधाचे म्हणणे आहे.

आरंभी इंग्रजीतील भेद स्पष्ट करून घेऊ. 'आय लिव्ह इन नाशिक' आणि 'आय ॲम लिव्हिंग इन नाशिक' या दोन्ही वाक्यांचा काळ एकच, वर्तमान. भेद आहे तो क्रियेकडे पाहण्याच्या दृष्टीत. पहिल्या वाक्यात राहणे ही स्थिर, मर्यादा न सांगितलेली गोष्ट आहे. दुसऱ्यात ती एका तात्पुरत्या चौकटीत ठेवलेली आहे आणि बोलणारा त्या चौकटीच्या आतून बोलतो आहे. काळाहून निराळ्या या गोष्टीला क्रियाव्याप्ती म्हणता येईल. मराठीत हाच भेद आपण बहुधा क्रियाविशेषणाने दाखवतो : 'मी नाशिकला राहतो' आणि 'सध्या मी नाशिकला राहतो'. इंग्रजीत जे काम क्रियापदाच्या रूपाला करावे लागते, ते मराठीत 'सध्या', 'हल्ली', 'आत्ता' या शब्दांकडे सोपवता येते. अर्थ दोन्ही भाषांना सारखाच कळतो. त्याची वाटणी मात्र निराळी आहे.

२

आता रूढ स्पष्टीकरणाची परीक्षा घेऊ. मराठीचा साचा इंग्रजीवर जसाच्या तसा उतरत असेल तर कोणती चूक अपेक्षित आहे? मराठीत 'करतो' हे एकच रूप सवय आणि चालू क्रिया ही दोन्ही कामे करते. वाटेत भेटलेल्या माणसाला आपण 'कुठे जाता?' असे विचारतो. स्वयंपाकघरातून 'काय करतोस रे?' अशी हाक येते, ती त्या क्षणी चाललेल्या उद्योगाची चौकशी असते. निघताना 'येतो हं' म्हणतो, तेव्हा तर क्रिया अजून व्हावयाची असते. म्हणजे मराठीच्या बळावर इंग्रजी बोलणाऱ्याने साध्या रूपाचा अतिरेक करावयास हवा : चालू क्रियेबद्दल 'व्हेअर डू यू गो?' असे विचारावयास हवे. तशी चूक आढळतेही. पण 'मराठी माणसाचे इंग्रजी' म्हणून ज्या वाक्यांना हसले जाते ती नेमकी उलट, चालू रूपाच्या अतिरेकाची आहेत. एकाच कारणापासून दोन परस्परविरुद्ध परिणाम काढावयाचे, तर ते कारण पुरेसे नाही असे म्हणावे लागते.

शेजारच्या भाषांशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. हिंदीचे 'जानता हूँ' आणि गुजरातीचे 'करे छे' ही साध्या वर्तमानाची रूपे दोन पदांची आहेत. त्यांतील दुसरे पद 'असणे' या अर्थाच्या सहाय्यक क्रियापदाचे आहे. 'हूँ' म्हणजे 'ॲम' असे एकदा मनात बसले की 'जानता हूँ' पासून 'ॲम नोइंग' ही वाट सोपी होते. गुजरातीत तर 'आवे छे' हे रूप 'येतो' आणि 'येत आहे' या दोन्ही अर्थांना चालते. मराठीचे 'जाणतो', 'ओळखतो' हे मात्र एकपदी आहे. तेथे 'आहे' नाही.

यावर कोणी 'मला माहीत आहे' या वाक्याकडे बोट दाखवील. त्यात 'आहे' आहे, आणि म्हणून 'ॲम नोइंग' आले, असे तो म्हणेल. पण या वाक्यातील 'आहे' सहाय्यक नाही. 'मला भूक आहे', 'मला घाई आहे' या जातीचे ते वाक्य आहे. ते 'ॲम' मध्ये रूपांतरित व्हावयाचे तर आधी 'आहे म्हणजे ॲम, इज, आर' असे समीकरण कोणीतरी शिकवलेले असावे लागते. ते समीकरण मुलाने घरून आणलेले नसते. त्याला ते शाळेत मिळालेले असते.

मराठीचा खरा प्रभाव दिसतो तो एका मर्यादित क्षेत्रात. 'करतो आहे' याचे संकोचाने 'करतोय' झाले आणि हे रूप बोलीत सर्रास रुळले. ज्ञान व संवेदना दाखवणाऱ्या कितीतरी क्रियापदांना ते बिनदिक्कत लागते : 'मला दिसतंय', 'ऐकू येतंय', 'कळतंय मला', 'वाटतंय तसं'. 'मला वाटतं' हे ठरलेले मत असते आणि 'मला वाटतंय' हा या क्षणीचा, अजून न ठरलेला ग्रह असतो. इंग्रजी व्याकरण अशा क्रियापदांना चालू रूप सहसा नाकारते. तेव्हा 'आय ॲम फीलिंग दॅट' असे लिहिणारा मराठी विद्यार्थी आपल्या भाषेतील एक बारीक भेद इंग्रजीत नेऊ पाहत असतो. रेघ ओढण्यापूर्वी परीक्षकाला निदान हे ठाऊक असावे.

नाशिक जिल्ह्यात तर 'मातृभाषा' हा शब्दही एकवचनी वापरता येत नाही. बागलाण, मालेगाव, कळवण या भागांत अहिराणी बोलली जाते. तेथे 'काय करी राह्यना?' असे चालू क्रियेचे स्वतंत्र, 'राहणे' या क्रियापदाने घडवलेले रूप आहे. विदर्भातल्या 'काय करून राहिला?' या रूपाचे ते नात्यातले आहे. वर्गात एका बाकावर 'करी राह्यना' घरून घेऊन आलेला मुलगा बसतो, दुसऱ्यावर 'करतोय' म्हणणारा, आणि दोघांच्या पुढ्यातले पुस्तक 'करीत आहे' म्हणते. या दोघांची इंग्रजीतील चूक एकच असेल, तर तिचे मूळ दोघांच्या घरांत शोधण्यापेक्षा दोघांना समान असलेल्या वर्गात शोधणे शहाणपणाचे ठरेल.

३

वर्गाकडे जाण्यापूर्वी आपल्या स्वतःच्या व्याकरणपरंपरेने या प्रश्नाचा विचार कसा केला होता, हे पाहिले पाहिजे. पाणिनीने वर्तमानासाठी लट् सांगितला. काशिकाकारांनी वर्तमानाची व्याख्या केली ती अशी की, जी क्रिया सुरू झाली आहे आणि संपलेली नाही, ती वर्तमान. पतंजलींनी या संदर्भात पर्वत उभे असण्याचे आणि नद्या वाहण्याचे उदाहरण घेतले. जी क्रिया कधी सुरू झाली आणि कधी संपेल हे सांगता येत नाही, तिला वर्तमान म्हणावयाचे की नाही, हा त्यांचा प्रश्न. म्हणजे संस्कृत परंपरेत अपूर्णता हा वर्तमानाचा पोटभेद नाही. ते वर्तमानाचे लक्षणच आहे. या दृष्टीने पाहता 'अपूर्ण वर्तमानकाळ' या आपल्या शालेय संज्ञेत द्विरुक्ती आहे, आणि स्पष्टीकरण लागेल ते 'साधा वर्तमानकाळ' या संज्ञेला. अभ्यासकांना हे विचित्र वाटत नाही, याचे कारण आपण व्याख्या एका परंपरेतून उचलली आणि वर्गीकरण दुसरीतून.

मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणानेही हीच दिशा दाखवली आहे. संस्कृत 'करोति' या जातीच्या जुन्या वर्तमानापासून आलेले 'करी' हे रूप आज वर्तमान राहिलेले नाही. 'तो रोज देवळात जाई' या वाक्यात ते भूतकाळातील सवय दाखवते. त्याची जागा ज्या '-तो' प्रत्ययाने घेतली, तो वर्तमानकालवाचक धातुसाधितापासून आलेला आहे. म्हणजे आजचे 'करतो' मुळात 'करीत असलेला' या अर्थाचे होते. ज्याला आपण साधे रूप म्हणतो ते व्युत्पत्तीने चालू रूपच आहे. जुन्या मराठीत 'करीतसे', 'बोलतसे' अशी 'असे' जोडलेली रूपे होती. पुढे 'करतो आहे' आले आणि त्याचे 'करतोय' झाले. चालू रूप वापराने झिजते, साधे होते. मग भाषा नवे चालू रूप घडवते. ज्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून या घडामोडीकडे इतिहास म्हणून पाहण्याची सोय मराठी अभ्यासकांना झालेली आहे. व्याकरणाच्या वर्गात मात्र हा इतिहास पोचला नाही.

मराठीने या व्यवहारात आणखी एक भेद जपला आहे, जो इंग्रजीजवळ नाही. 'तो घरी आहे' आणि 'तो घरी असतो', 'पाणी थंड आहे' आणि 'पाणी थंड असते'. या दोन्ही जोड्यांना इंग्रजी साधारणतः एकच 'इज' वापरते. प्रत्यक्ष स्थिती आणि नेहमीची स्थिती यांतील भेद इंग्रजीने 'असणे' या क्रियापदापुरता सोडून दिला आहे, मराठीने तो नेमका तेथेच ठेवला आहे. ज्या भाषेजवळ हा भेद आहे तिच्या भाषकाला 'क्रियाव्याप्तीची जाण नाही' असे म्हणता येणार नाही.

४

दुसरीकडे, ज्या इंग्रजीच्या नियमांनी आपण विद्यार्थ्याला मोजतो, ते नियम कधीपासून आहेत? शेक्सपिअरच्या काळी चालू रूप होते, पण अनिवार्य नव्हते. 'हॅम्लेट' मध्ये पुस्तक वाचत असलेल्या राजपुत्राला पोलोनियस काय वाचता असे विचारतो, ते साध्या रूपात. आजच्या शालान्त परीक्षेत तेच वाक्य लिहिले तर गुण जातील. मराठीत या प्रश्नासाठी 'काय वाचता आपण?' हे रूप सहज मिळते आणि त्यात काहीही जुनाट वाटत नाही. १८८३ च्या 'विकारविलसित' पासून, म्हणजे आगरकरांपासून, 'राजमुकुट' आणि 'ऑथेल्लो' लिहिणाऱ्या नाशिकच्या शिरवाडकरांपर्यंत ज्यांनी शेक्सपिअर मराठीत आणला, त्यांच्या हाताशी क्रियापदाची एक अशी व्यवस्था होती की जी या बाबतीत आजच्या इंग्रजीपेक्षा एलिझाबेथकालीन इंग्रजीला अधिक जवळची होती. आपल्या भाषांतरसमीक्षेने या सोयीची दखल घ्यावयास हवी.

चालू रूपाचा इंग्रजीतील मोठा विस्तार अठराव्या शतकाच्या अखेरीपासून झाला. 'घर बांधले जात आहे' या अर्थाचे, 'इज बीइंग बिल्ट' सारखे कर्मणी चालू रूप तर त्याच सुमारास प्रथम दिसते. त्यापूर्वी 'द हाउस इज बिल्डिंग' असे म्हणत. नव्या रूपावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. रिचर्ड ग्रँट व्हाइट या अमेरिकन टीकाकाराने १८७० मधील आपल्या पुस्तकात त्याच्यावर कडाडून हल्ला केला. आता आपल्याकडील तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण सेरामपूरहून १८०५ मध्ये निघाले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ मध्ये आले. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. म्हणजे मराठीचे व्याकरण ज्या दशकांत इंग्रजी नमुना समोर ठेवून लिहिले जात होते, त्याच दशकांत इंग्रजीचे चालू रूप घडत होते आणि त्याविषयी इंग्रजांमध्येच एकमत नव्हते. आपण ज्याला अचल माप समजलो ते त्या वेळी हलत होते.

ते अजूनही हलते आहे. १९६१ आणि १९९१ या सुमारांच्या लिखित इंग्रजीचे संग्रह भाषावैज्ञानिकांनी ताडून पाहिले, तेव्हा चालू रूपाचा वापर वाढलेला आढळला. ज्या 'लव्ह' या क्रियापदाला चालू रूप लावू नये असे आपली पुस्तके बजावतात, ते चालू रूपात घालून मॅकडॉनल्ड्स या कंपनीने २००३ पासून जगभर जाहिरात केली. त्या वाक्याला कोणी भारतीय चूक म्हटलेले नाही.

५

मग नियम पक्के कोठे झाले? ते झाले तक्त्यात. लिंडली मरे याच्या १७९५ मधील व्याकरणात इंग्रजीचे सहा काळ आहेत. ती लॅटिनची छाया होती; त्यात 'अपूर्ण' हे नाव आज ज्याला आपण साधा भूतकाळ म्हणतो त्याला दिलेले होते. दादोबांच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणपुस्तकांचा ठसा आहे, हे मराठी व्याकरणाच्या अभ्यासकांनी वारंवार नोंदवले आहे. परंतु आज शाळेत शिकवला जातो तो बारा घरांचा तक्ता मरेचा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात भारतीय विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या जे. सी. नेसफील्डच्या पुस्तकांनी तो येथे घरोघरी नेला : तीन काळ आणि प्रत्येकाची चार रूपे, म्हणजे अनिश्चित, चालू, पूर्ण आणि पूर्ण-चालू. पुढे १९३० च्या दशकात रेन व मार्टिन यांचे व्याकरण मुंबईहून निघाले. त्यांतील पी. सी. रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात राहिलेला आणि नंतर साहसकथांचा लेखक म्हणून नाव मिळवलेला गृहस्थ. या पुस्तकाने तक्ता इतका पक्का केला की तो इंग्रजी भाषेचा गुणधर्म वाटू लागला. येस्पर्सनसारखा भाषापंडित याच रूपांना 'विस्तारित काळ' म्हणून त्यांच्या अर्थाची सूक्ष्म चिकित्सा करीत होता. आपल्या वर्गात ती चिकित्सा आली नाही, घरे आली.

मराठी घरांत या तक्त्याला जोड मिळाली ती द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'ची. नियम, शब्द, आणि मग दोन्ही दिशांनी भाषांतराची वाक्ये, या पद्धतीने अनेक पिढ्यांनी शिक्षकाशिवायही इंग्रजी आत्मसात केले. तिचे हे ऋण मोठे आहे. पण भाषांतरपद्धतीची एक अंगभूत मर्यादा असते : प्रत्येक इंग्रजी रूपासमोर एक मराठी रूप ठेवावे लागते. 'आय गो' समोर 'मी जातो' ठेवले की 'आय ॲम गोइंग' समोर 'मी जात आहे' ठेवणे भाग पडते. बोलीत 'जातो' दोन्हीकडे चालते, ही गोष्ट त्या जोडणीत अडचणीची ठरते आणि गाळली जाते. इंग्रजीचा भेद शिकवण्यासाठी मराठीत आधी तो भेद पाडून घ्यावा लागतो.

असा पाडून घेतलेला भेद मग मराठीचाच म्हणून शिकवला जाऊ लागला, याचा पुरावा आजही उपलब्ध आहे. शालेय आणि स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत मराठीचे काळ सांगितले जातात ते तीन गुणिले चार असेच : साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीति. पहिली तीन घरे इंग्रजीच्या तीन घरांशी जुळतात. चौथ्या घरात घोटाळा आहे. इंग्रजीच्या चौथ्या घरात पूर्ण-चालू रूप आहे. मराठीत त्याला सरळ जोडीदार नाही. मराठीजवळ होते ते 'मी रोज फिरायला जात असतो' हे सवयीचे रूप, ज्याच्यासाठी इंग्रजीच्या तक्त्यात वेगळे घर नाही. तेव्हा रिकामे घर आणि बेघर रूप यांची गाठ घातली गेली. अनेक पुस्तकांत या रूपाला 'रीति वर्तमानकाळ' बरोबरच 'चालू पूर्ण वर्तमानकाळ' असे दुसरे नाव दिलेले असते. 'जात असतो' मध्ये पूर्ण काय आहे? काहीही नाही. ते नाव मराठी रूपाचे वर्णन करीत नाही. ते रूप ज्या घरात बसवले त्या घराच्या जुन्या मालकाची पाटी तेवढी तेथे राहून गेली आहे. एखाद्या भाषेचे व्याकरण दुसरीच्या साच्यात ओतले गेल्याचा इतका उघड पुरावा क्वचित मिळतो.

याला पर्याय नव्हता असे नाही. मोरो केशव दामले यांच्या १९११ मधील 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त क्रियापदाची रूपे प्रत्ययावरून ओळखण्याची दृष्टी आहे. 'ताख्यात', 'लाख्यात' ही नावे आधी रूप सांगतात. त्याचा अर्थ कोणकोणता होतो हा प्रश्न मग उरतो आणि मोकळेपणाने विचारता येतो. ताख्यात चालू क्रिया दाखवते, सवय दाखवते, नजीकचा भविष्यही दाखवते, असे म्हणण्यास या पद्धतीत अडचण येत नाही. कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी दामल्यांचा ग्रंथ १९७० मध्ये संपादून पुन्हा उपलब्ध केला आणि १९९२ मध्ये 'मराठी व्याकरणाचा इतिहास' लिहिला. म्हणजे विद्यापीठीय पातळीवर साधने होती. शाळेच्या पातळीवर तक्ता होता, आणि आपले बहुतेक वाचक, लेखक व समीक्षक शाळेतून आले.

६

स्वातंत्र्योत्तर काळात भाषांतरपद्धतीऐवजी रचनापद्धती आली. १९५८ मध्ये हैदराबादला इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली. हॉर्नबी यांच्या वाक्यसाच्यांच्या पुस्तकांचा प्रभाव या काळातील अध्यापनावर होता. या पद्धतीत शिक्षकाने कृती करावयाची आणि तीच तोंडाने सांगावयाची : मी दाराकडे जात आहे, मी खिडकी उघडत आहे. कृती डोळ्यांसमोर घडत असल्याने चालू रूप आधी आणि भरपूर घोकले गेले. साधे रूप, ज्याला दाखवण्यासारखी कृती नसते, ते मागाहून आले. वास्तविक इंग्रजी व्यवहारात साधे रूपच कितीतरी अधिक वेळा येते. वर्गातील प्रमाण उलटे झाले. 'ॲम' आणि 'इंग' ही जोडी म्हणजेच इंग्रजी वर्तमान, असा ग्रह शेकडो आवृत्त्यांनी दृढ झाल्यावर 'आय ॲम नोइंग' या वाक्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. विद्यार्थी जे शिकला, ते त्याने न शिकवलेल्या जागीही लावले. भाषा शिकणारा प्रत्येक जण हेच करतो.

७

या इतिहासाचा साहित्यसमीक्षेशी संबंध काय, असे विचारले जाईल. १९७६ हे वर्ष घेऊ. त्या वर्षी निसीम इझिकेल यांचा 'हिम्स इन डार्कनेस' आणि अरुण कोलटकरांचा 'जेजुरी' असे दोन इंग्रजी कवितासंग्रह प्रसिद्ध झाले. इझिकेल ज्या बेने इस्राएल समाजातले, त्याची घरची भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठी. इंदिरा संतांच्या कवितांच्या इंग्रजी अनुवादात त्यांचा वाटा होता. कोलटकर तर दोन्ही भाषांचे कवी.

इझिकेलांच्या संग्रहात मिस पुष्पा यांच्या निरोपसमारंभातील भाषणाची सुप्रसिद्ध कविता आहे. तिचा सारा विनोद चालू रूपावर उभा आहे. वक्ता 'जाणणे' ही स्थिती चालू रूपात सांगतो, भूतकाळातील सवयही चालू रूपात सांगतो, आणि वाचक हसतो. कवितेत बुलसार-सुरतेचा उल्लेख आहे. 'करे छे' या भाषेच्या मुलखाचे नाव घेणाऱ्या वक्त्याच्या तोंडी ही रूपे घालण्यात इझिकेलांचा कान अचूक होता, हे वर केलेल्या तुलनेवरून दिसेल. परंतु वाचनाच्या इतिहासात ही कविता 'भारतीय इंग्रजी' या सर्वसाधारण नावाखाली गेली आणि तिच्यातील प्रादेशिक नेमकेपणा पुसला गेला. तिला हसणारा मराठी वाचक कोणाला हसतो? तक्ता ज्याला नीट पाठ झाला तो, ज्याला झाला नाही त्याला हसतो. त्या हसण्यात भाषेपेक्षा शाळेची उतरंड अधिक ऐकू येते. कवितेतील वक्ता सद्भावनेने बोलतो आहे, त्याला निरोप द्यावयाचा आहे आणि तो देतोही, ही बाजू त्या हसण्यात दिसेनाशी होते. ब्रज काचरू यांनी भारतीय इंग्रजीकडे चुकांची यादी म्हणून न पाहता स्वतःचे नियम असलेला प्रकार म्हणून पाहावयास शिकवले. त्यानंतर तरी या कवितेचे पुनर्वाचन व्हावयास हवे होते.

'जेजुरी'त नेमके उलट घडते. तेथील निवेदन बव्हंशी साध्या वर्तमानात चालते. बस जाते, पुजारी वाट पाहतो, दार लोंबकळते, कुत्री झोपते, या जातीची ती विधाने आहेत. इंग्रजी वाचकाला त्यात अलिप्त, कोरडा, छायाचित्रासारखा स्वर ऐकू येतो आणि समीक्षकांनी तो आधुनिकतावादी तटस्थपणाच्या खाती जमा केला आहे. तो तेथे आहेच. पण मराठी कानाला त्या रूपात आणखी काही ऐकू येते. मराठीतील ताख्यातात चालू क्षण आणि नेहमीची रीत वेगळी करावी लागत नाही. 'पुजारी वाट पाहतो' म्हणजे आत्ता पाहतो आणि रोजच पाहतो. तीर्थक्षेत्राचे वर्णन करणाऱ्याला हे दुहेरीपण हवेच असते, कारण तेथे जे आज घडते ते रोज घडते. इंग्रजी साध्या रूपाला मराठी ताख्याताची ही व्याप्ती मिळवून देणे, हे कोलटकरांच्या द्वैभाषिकत्वाचे एक न मोजलेले फळ आहे असे मला वाटते. एकाच शहरातील, एकाच वर्षातील या दोन संग्रहांत मराठीशेजारच्या इंग्रजीची दोन टोके दिसतात : एकीकडे चालू रूप हे उपहासाचे साधन होते, दुसरीकडे साधे रूप हे दृष्टीचे. दोन्ही समजण्यासाठी रूपांचा इतिहास ठाऊक असावा लागतो. तक्ता पुरत नाही.

८

नाशिकमध्ये गोखले एज्युकेशन सोसायटीचे हं. प्रा. ठा. महाविद्यालय १९२४ मध्ये सुरू झाले आणि १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. या पासष्ट वर्षांत येथील उच्चशिक्षणाचा विद्यार्थी आमूलाग्र बदलला. सन २००० पासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हा हा प्रश्न घरातील पहिल्या अक्षराच्या पिढीपर्यंत पोचला. या विद्यार्थ्याला 'तुझी भाषा तुझ्या इंग्रजीच्या आड येते' असे सांगितले जाते, तेव्हा त्याला एका चुकीच्या निदानासह स्वतःच्या भाषेबद्दलचा संशयही दिला जातो. हा संशय गुणपत्रिकेपाशी थांबत नाही. पुढे तो लिहू लागतो तेव्हा 'काय करतोस?' हे जिवंत वाक्य पुसून त्या जागी 'तू काय करीत आहेस?' असे लिहितो, कारण तक्त्यात ते अधिक अचूक असते. आपल्या कथात्म गद्यातील कितीतरी संवाद असे तक्त्याने बिघडवलेले आहेत.

उपाय फार मोठा नाही. इंग्रजीचा भेद इंग्रजीचा म्हणून शिकवावा : कोणत्या दृष्टीने क्रियेकडे पाहिले असता कोणते रूप येते, हे अर्थाच्या अंगाने सांगावे. त्यासाठी मराठीत खोट्या जोड्या लावू नयेत. 'वाटतं' आणि 'वाटतंय', 'आहे' आणि 'असतो', 'करतोय' आणि 'करी राह्यना' हे भेद विद्यार्थी घेऊन येतो, ते क्रियाव्याप्तीच्या शिक्षणाचे उत्तम भांडवल आहे. आणि मराठीच्या व्याकरणातून निदान 'चालू पूर्ण' ही पाटी तरी उतरवावी. ज्या घरात कोणी पूर्ण राहत नाही, त्या घरावर ती लावून ठेवण्याचे आता काही कारण उरलेले नाही.